बाबा, ठेव मोडू नका

ती. बाबा, ती. आई,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "उद्याच बँकेत जातो, ठेव मोडून तुझं क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडतो," आणि मागून आईचा आवाज आला, "माझ्या पाटल्या आहेत की." त्यापुढे मला बोलताच येईना, म्हणून लिहिते आहे. बाबा, बँकेत जाऊ नका. आई, पाटल्या कपाटातच राहू देत. मी पर्सनल लोन काढलं, कार्डाचं बिल पुरतं भरून टाकलं आणि कार्ड बंद करायचा अर्जही देऊन झाला. म्हणजे हे पत्र विचारायला नाही, सांगायला आहे. रागवायचं असेल तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचून.

बँकेचं पत्र कायमच्या पत्त्यावर गेलं आणि तुम्हाला पोस्टमनकडून कळलं, ह्याचं मला फार वाईट वाटतं. पण त्यातल्या भाषेने घाबरू नका. मी एकदाही हप्ता चुकवलेला नाही. लोन मिळालं तेही त्यामुळेच. सिबिल स्कोअर, म्हणजे वेळेवर कर्जफेडीचे गुण, बिघडलेला असता तर कोणी दारात उभं केलं नसतं.

पैसे कशात गेले हे बाबा विचारणार नाहीत, आई विचारेल. तर आई, पहिल्या कंपनीत पगार रखडायला लागला ते तुला माहीत आहे. पगाराच्या खात्याबरोबर कार्ड मिळालं होतं आणि ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे काढायची, सोयही होती. भाडं ओव्हरड्राफ्टमधून गेलं, किराणा, औषधं आणि लॅपटॉप कार्डावर. दुसरी नोकरी लागून पहिला पगार हातात पडेपर्यंत तसंच चाललं. हॉटेलं नाहीत, ऑनलाइन कपडे नाहीत. (बुटांचा एक जोड आहे. तो मुलाखतींना लागला.)

आता बाबांसाठी हिशेब, कारण एसटीतल्या तिकिटांच्या वेबिलासारखा तो जुळल्याशिवाय तुम्हाला झोप लागत नाही. कार्डावर ७८,००० होते. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. त्या व्याजावर वर १८ टक्के जीएसटी. महिन्याला सव्वातीन हजार नुसते त्यातच जायचे. बिलावर "किमान देय रक्कम" म्हणून पाच टक्के छापून येतात, साधारण चार हजार. ते भरले की बँक खूश, पण मुद्दल उतरायचं जेमतेम आठशे रुपयांनी. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत; आज घेतलेल्या साबणावर आजपासून व्याज.

लोन ८०,००० चं आहे, १४ टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी. प्रोसेसिंग फी कापून हातात ७८,००० आणि वर शंभरेक रुपये आले. हप्ता ३,८४१. बाबा, हा आकडा पुन्हा वाचा. किमान रकमेपेक्षा हा हप्ता कमी आहे आणि दोन वर्षांनी हे संपतं. तिकडे तेवढेच पैसे भरत राहिले असते तर तुमच्या नातवंडांच्या बारशापर्यंत पुरलं असतं. (आई, ही फक्त बोलण्याची पद्धत आहे. स्थळं काढायला बसू नकोस.)

ओव्हरड्राफ्टचे ४०,००० अजून आहेत. तो मी लोनमध्ये मिसळला नाही. त्याचं व्याज वापरलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं लागतं, पगार जमा झाला की आपोआप कमी होतं. दर महिन्याला ५,००० उतरवायचे आणि तेवढीच मर्यादाही कमी करून घ्यायची, असं बँकेत लिहून दिलं आहे. मर्यादा मोकळी दिसली की तो आपलाच पैसा वाटायला लागतो.

तुम्ही म्हणाल, ठेवीवर साडेसात टक्के मिळतात आणि तू १४ भरतेस, हे कुठलं शहाणपण? हिशेबात तुम्ही बरोबर आहात. ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट काढला असता तर साडेआठच्या आसपास मिळाला असता, हेही मला माहीत आहे. सात-आठ हजार रुपये वाचले असते. पण ती ग्रॅच्युइटी आहे, बाबा. तुमचं ईपीएसचं, म्हणजे पीएफबरोबरचं, पेन्शन किती येतं ते मी पासबुकात पाहिलंय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरेल सांगता येत नाही, आणि त्या दिवशी ठेवीवर माझ्या कर्जाचा बोजा असेल तर तुम्ही मला कळवणारसुद्धा नाही. ऑपरेशनच पुढे ढकलाल. पुराच्या वर्षी तुम्ही काय केलंत ते मला नंतर मामाकडून कळलं होतं. तेव्हा हे सात-आठ हजार मी भरते. मला ते महाग वाटत नाहीत.

एक गोष्ट मात्र लिहायला जड जाते आहे. दर महिन्याला पाठवते ते ३,००० ओव्हरड्राफ्ट फिटेपर्यंत निम्मे होतील. पूर्ण बंद करणार नाही. बाबा म्हणतील, आम्ही कुठे मागतो. माहीत आहे. तरी ते १,५०० आईच्या गोळ्यांचे आहेत, बँकेत साठवून माझ्याच नावाची आवर्ती ठेव काढायची नाही. मागच्या वर्षी काढली होती ती सापडली मला.

खोली बदलली आहे. आता तिघी आहोत, भाडं साडेसहा हजार. लगेच डोळ्यांसमोर कोंदट खोली आणू नका. खिडकी पूर्वेला आहे, गरम पाणी सकाळी आठपर्यंत येतं, कपाटाला कुलूप आहे. एक मुलगी जतची, एक नाशिकची. जतच्या मुलीची आई तुझ्यासारखीच, आई. दर खेपेला शेंगदाण्याची चटणी पाठवते. मेस दोन वेळची आहे. भाजी पातळ असते, पण रात्री भाकरी मिळते. दही मी वेगळं घेते. रात्री उशिरा येताना कंपनीची गाडी सोडते. पांघरूण तुझ्या हातचीच गोधडी, ती दिली नाही कोणाला.

लहानपणी रात्रपाळीहून आलात की तुमच्या खांद्यावरची चामड्याची बॅग मी ओढायचे आणि चिमटा कटकट वाजवत आजीला तिकिटं फाडायचे. आजी रोज कोल्हापूरचं तिकीट मागायची, मी रोज "सुट्टे द्या" म्हणायचे. एकदा कॅश कमी भरली म्हणून तुमच्या पगारातून कापली, तेव्हा तुम्ही घरात कुणाला बोल लावला नाहीत. माझ्या डब्यात त्या महिन्यातही गूळ-तूप होतंच. मला ते कळत नव्हतं असं तुम्हाला वाटायचं.

आता कामाचं.

बाबा, कार्ड बंद करायचा अर्ज दिला की सात कामाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायचं, नाही केलं तर रोज ५०० रुपये दंड, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुम्हाला हा नियम आवडेल. मी तारीख लिहून ठेवली आहे. माझ्या नावाने घरी कोणाचाही फोन आला तर "तिच्याशी बोला" एवढंच म्हणायचं. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर करताच येत नाही. ओटीपी मागितला, पोलीस आहे म्हणाला, व्हिडिओ कॉल लाव म्हणाला, तर फोन ठेवायचा आणि १९३० ला लावायचा. शिष्टाचार म्हणून ऐकून घेत बसायचं नाही, हे खास तुम्हाला.

पतसंस्थेतले पैसे काढून बँकेत न्या. दीड टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवलेत, पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो. भाऊकाकांचं डोळ्यांसमोर असताना मी काय सांगू?

आई, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. जनऔषधीतली तीच गोळी बरीच स्वस्त पडते, पण आधी डॉक्टरांना चिठ्ठी दाखव. ओट्याशी उभी राहून चपात्या करू नकोस, उंच स्टूल दादूला आणायला सांगितलं आहे. त्याने आणलं नसेल तर मला कळव, त्याच्याशी मी बोलते. आणि माझ्यासाठी उपास धरायचा नाही. धरलाच तर साबुदाणा नको.

गौरींना येते आहे. स्वारगेटहून सकाळची लालपरी, आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा त्याचाही खर्च काढू नका. डबा नको, लोणचं नको. लोणचं थोडं चालेल.

बाबा, ठेवीच्या पावतीवर नॉमिनी म्हणून अजून आजीचं नाव आहे का ते बघा. असेल तर सोमवारी जाऊन आईचं लावून घ्या, आणि फॉर्मची पोच मला व्हॉट्सअॅपवर पाठवा.

तुमची,
मनू