पुस्तक वाचून झालं, आता वही काढ

लंडन

चि. सर्वेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, आठ संकल्पांची यादीही. त्या स्वविकासाच्या पुस्तकानं तुला उभारी दिली याचा मला मनापासून आनंद आहे. ही उभारी खरी असते, पण ओसरतेही. म्हणून तिच्या भरात शपथा घेण्यापेक्षा घरातली मांडणी बदलून घे. सरावाचं पुस्तक जेवणाच्या टेबलावर ठेव, फोनचा चार्जर हॉलमध्ये ने, चालायचे बूट दाराशी काढून ठेव. उत्साह गेला तरी या वस्तू जागेवर राहतात.

आठही संकल्प एकदम नकोत. पुस्तक पुन्हा वाच, या वेळी पेन्सिल घेऊन. अशा पुस्तकात तीन प्रकारचा मजकूर असतो: लोकांच्या गोष्टी, लेखकाचं तत्त्व आणि प्रत्यक्ष करायची कृती. गोष्टी फार पानं खातात, कृती एखाद्या ओळीत उरकलेली असते. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून, न बघता, वहीत तीन ओळी लिही. नुसत्या रेघा मारलेलं विसरायला होतं, आठवून लिहिलेलं जास्त टिकतं. दोनशे पानांतून पाच-सहा कृती हाती लागल्या तरी पुष्कळ. त्यातली एकच उचल. ती तू केलीस की नाही, हे दारात उभ्या असलेल्या आजीला दिसलं पाहिजे. ‘सकारात्मक राहीन’ हे आजीला दिसणार नाही. ‘अंकगणिताची दहा उदाहरणं सोडवीन’ हे दिसेल.

आता खरी मेख. ती कृती कधी करायची, हे आधीच ठरलेलं हवं. पीटर गॉल्वित्झर या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय. ‘अमुक झालं की लगेच तमुक करीन’ अशा वाक्यात बांधलेला निश्चय नुसत्या ‘करीन’पेक्षा जास्त वेळा पार पडतो. कारण ऐन वेळी विचार करावा लागत नाही, खूण दिसली की काम आठवतं. पण खूण नीट निवड. ‘सकाळी लवकर’ ही खूण नव्हे. ‘पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकला की’ ही चांगली, मात्र त्याच्या सुट्टीच्या दिवशी फसणारी. ‘चहाचा कप विसळून ठेवला की’ ही त्याहून पक्की, कारण चहा रोज होतो. पणजीच्या कदंब बसमध्ये अभ्यास करायचा असेल तर ‘बसायला जागा मिळाली की’ असं लिहू नकोस. फोंड्याहून सकाळी कितीदा जागा मिळते, ते तुलाच ठाऊक. ‘बसमध्ये चढलो की कानात धडा लावीन’ असं लिही.

कृतीचं माप चांगल्या दिवसावर घेऊ नकोस. जूनमध्ये वीज गेलेली, चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं, अशा दिवशीही जमेल इतकी लहान पायरी ठरव: दहाऐवजी एक उदाहरण. त्या दिवशी एकावर थांबलास तरी कालनिर्णयवर खूण करायची.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं तू लिहिलंयस. तो आकडा १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जननं आपल्या रुग्णांबद्दल केलेल्या निरीक्षणातून पसरला. तो सवयींचा अभ्यास नव्हताच. इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कृती अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त), आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक. (२५४ हा अर्थात गणितानं काढलेला अंदाज, अभ्यास तर ८४ दिवसांचाच होता.) पाणी पिण्यासारखं सोपं काम लवकर रुळलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हे मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं. बाविसाव्या दिवशी ‘माझ्याच्यानं होत नाही’ म्हणून सोडून देणारे त्या चुकीच्या आकड्यामुळे सोडतात.

यशाचं चित्र रोज डोळ्यांपुढे आण, असं तुझं पुस्तक सांगतं. तेवढ्यावर थांबू नकोस. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांच्या प्रयोगांत नुसत्या गोड कल्पनेनं माणसाचा जोर कमी झालेला दिसला. मनाला काम झाल्यासारखंच वाटू लागतं. चित्र बघ, पण लगेच अडथळाही बघ, आणि तो तुझ्या आतला असू दे. ‘ऑफिसातून उशीर होतो’ हा नव्हे, ‘जेवल्यावर फोन हातात घेतो’ हा. मग त्याचं वाक्य कर: ‘हात फोनकडे गेला की आधी वही उघडीन.’

हे रुळेपर्यंत पुढचं पुस्तक विकत घेऊ नकोस. फारच वाटलं तर पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून आण, परतीची तारीख तरी असते.

एक गोष्ट दादालाही वाचून दाखव. झोप उडाली, जेवण तुटलं, कशातच रस नाही, असं दोन आठवडे चाललं तर तिथे पुस्तकाचा उपयोग नाही. डॉक्टरांकडेच जायचं. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर फोनमध्ये घालून ठेव.

तुझं ते एक वाक्य वहीत लिहून फोटो पाठव. खूण कच्ची वाटली तर मी कळवीन. आजीला आणि वहिनीला नमस्कार.

तुझी
आत्या