ताटातलं नाव आणि पासपोर्टावरचं नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्नं लागली की आमच्या भागातली मंगल कार्यालयं भरू लागतात. यंदा आमच्या गल्लीतच तीन मुलींची लग्नं ठरली आहेत आणि त्यांतल्या दोघी लग्नानंतर परदेशी जाणार आहेत. लग्नं उरकल्यावर सांगून उपयोग नाही, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे.

मी बेळगावातल्या वडगावची. मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलं. दरवर्षी जूनमध्ये हजेरीपटावर मुलींची नावं लिहायची : तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळा सोडल्याचा दाखला लिहितानाही तेच तीन शब्द, आणि एक काना चुकला तरी मुख्याध्यापक नवा दाखला करायला लावत. दाखल्यावरचं नाव मुलीला जन्मभर पुरणार असं मी तेव्हा धरून चालले होते. ते पुरत नाही हे माझ्याच मुलीने मला दाखवलं. तिचं खरं नाव इथे छापायचं नाही, म्हणून तिला सविता म्हणते.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाही. मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतं. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, सगळे वाकून वाचतात, पेढे वाटले जातात. सविताच्या लग्नात, डिसेंबर २०१२ मध्ये, जावयांनी लिहिलेलं नाव मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. सुंदर अक्षर होतं. थोड्या वेळाने विहीणबाईंनी ते तांदूळ परत पिशवीत भरले. घरात त्या नावाने हाक मारायला कुणाचीच हरकत नव्हती आणि आजही नाही. घोळ झाला तो पुढे, सरकारी कागदावर.

सविता २०१० साली नोकरीसाठी अमेरिकेला गेली ती माहेरच्या नावाच्या पासपोर्टावर. तिकडचं ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, २०१८ मध्ये हाती आलं तेही माहेरच्याच नावाने, कारण अर्ज करताना पासपोर्ट तोच होता. २०१९ च्या मे महिन्यात ती लेकाला घेऊन बेळगावला आली. पासपोर्टाची दहा वर्षं सप्टेंबरात संपणार होती, म्हणून इथेच नवा करायचं ठरलं. तेव्हा मीच म्हणाले, लग्नाला सात वर्षं होत आली, आता तरी सासरचं नाव लाव, लोक काय म्हणतील. ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. तत्काळ अर्ज केला, लग्नाचं प्रमाणपत्र दाखवलं आणि दोन आठवड्यांत नवा पासपोर्ट घरी आला. गिव्हन नेमच्या रकान्यात तिचं आणि जावयांचं नाव, सरनेमच्या रकान्यात सासरचं आडनाव. मी तो देवापुढे ठेवला. लग्नाचं प्रमाणपत्र परत लोखंडी कपाटात गेलं.

जूनमध्ये परतायच्या रात्री पाऊण वाजता मुंबईच्या विमानतळावरून तिचा फोन आला. तिकीट नव्या पासपोर्टाप्रमाणे बदलून घेतलं होतं, त्यामुळे तिकीट आणि पासपोर्ट जुळत होते. पण अमेरिकेत शिरायला लागणारं कार्ड दुसऱ्याच बाईचं वाटत होतं. पहिलं नाव तेवढं सारखं, पुढचे दोन्ही शब्द वेगळे. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही शेजारी ठेवले आणि एकेका अक्षराखाली बोट नेत वाचलं. मग तिने विचारलं, या दोन्ही बाया एकच आहेत असा एखादा कागद आहे का? नातू सामानाच्या ढकलगाडीवर झोपला होता.

मी कपाट उघडलं, प्रमाणपत्र पलंगावर ठेवलं आणि मोबाइलने फोटो काढू लागले. हात थरथरत होता. तीन फोटो हलले, चौथा नीट आला, तो पाठवला. पाच मिनिटांनी तिचा निरोप आला : ‘आई, हे कन्नडमध्ये आहे. इथे कुणाला वाचता येत नाही.’

तेवढं एक वाक्य वाचून मी पलंगावर बसले. सविताच्या लग्नाची नोंद इथल्या सब रजिस्ट्रार कचेरीत झाली, कागद राज्याच्या भाषेत मिळाला. इथे बँकेत, पोस्टात, गॅसच्या एजन्सीत तो सहज चालतो. सहाशे किलोमीटरसुद्धा दूर नसलेल्या मुंबईत तो निरुपयोगी ठरला. विमान गेलं. दुसऱ्या दिवशी कोर्टाजवळ बसणाऱ्या एका नोटरीकडून इंग्रजी भाषांतर शिक्क्यासह करून घेतलं, आमचे हे रात्रीच्या बसने ते घेऊन मुंबईला गेले आणि तिसऱ्या दिवशी मायलेकरं निघाली. तिकडे उतरल्यावर अधिकाऱ्याने भाषांतर आणि जुना पासपोर्ट पाहिला, दोनच प्रश्न विचारले आणि सोडलं. दोन तिकिटं बदलायला गेलेले पैसे मी मोजत नाही. पण त्या दोन रात्री लॉजवर चार वर्षांच्या मुलाला घेऊन बसलेल्या लेकीचा आवाज अजून कानात आहे.

काउंटरवरच्या मुलीला मी दोष देत नाही. कागद बरोबर नसलेला प्रवासी नेला तर अमेरिकेत विमान कंपनीला दंड होतो, तिने तिचं काम केलं. दोष असेल तर माझ्या घाईचा आणि आम्हाला कुणीच हे न सांगण्याचा. पासपोर्ट केंद्रात तीन खिडक्या झाल्या, एकाही खिडकीवर कुणी विचारलं नाही की बाई, परदेशातलं राहण्याचं कार्ड कोणत्या नावाने आहे?

पुढचा व्याप निराळाच. ग्रीन कार्डावरचं नाव बदलायला तिकडे आय-९० नावाचा अर्ज असतो, त्याला लग्नाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, पुन्हा फी, पुन्हा बोटांचे ठसे आणि कित्येक महिने वाट. मग सोशल सिक्युरिटीचं कार्ड, मग गाडीचा परवाना, मग बँक. नातवाचा जन्म तिकडचा. त्याच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि आईच्या पासपोर्टावर सासरचं, त्यामुळे त्याचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला इथे येण्याजाण्यासाठी मिळणारं कार्ड, काढताना आईबापांच्या लग्नाचा तोच कागद पुन्हा काढावा लागला. जावयांना यांतल्या एकाही खिडकीवर आपलं नाव शाबित करायला उभं राहावं लागलं नाही. ते मनाने चांगले आहेत, रजा काढून प्रत्येक वेळी तिच्याबरोबर गेले. पण लग्न दोघांचं झालं आणि कागद एकटीचे बदलले, हे मला आधी कधी असं उघड दिसलं नव्हतं.

आपल्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. मुलगी मराठी शाळेत शिकते, तिथे इंग्रजीत तिचं नाव सविता लिहिताना नुसता टी. रेशनकार्ड कन्नडमध्ये, आणि तिथून आधारवर किंवा मतदार यादीत इंग्रजी होताना कर्नाटकातल्या पद्धतीप्रमाणे टीच्या पुढे एच येतो. गीता, लता, ललिता, अनिता, सगळ्यांचं हेच. वैशालीचं स्पेलिंग एका कागदावर ए-आयने तर दुसऱ्यावर नुसत्या वायने. आपण वाचताना एकच वाचतो, संगणक दोन बायका मोजतो. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावचं बेळगावी झालं. तेव्हा जुन्या पासपोर्टावर जन्मगाव एक आणि नव्या कागदावर दुसरं. नावाच्या वादात मी इथे शिरत नाही, त्यावर आपल्या पत्रात पुष्कळ लिहून आलं आहे. आधीच नाव जुळत नसलेल्या बाईचं गावही जुळेनासं होतं, एवढंच सांगायचं आहे.

आखातात जाणाऱ्या आमच्या शेजारच्या मुस्लिम घरांची अडचण याच्या उलटी आहे. तिथे कित्येक बायकांच्या पासपोर्टावर एकच शब्द असतो, आडनावाचा रकाना कोरा. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टावर एकच नाव असलेल्यांना पर्यटक आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश बंद केला. राहण्याचा परवाना असलेल्यांना त्यातून सूट आहे, पण सासूला किंवा आईला महिनाभर बोलावून घ्यायचं तर अडतं. पासपोर्ट काढतानाच दोन्ही रकाने भरले असते तर हे टळलं असतं.

माझं म्हणणं एकच आहे. ज्या मुलीला परदेशी राहायचं आहे तिच्या पासपोर्टावरचं नाव लग्न झालं म्हणून बदलू नका. तसा कायदा नाही. लग्नानंतर बाईने पासपोर्टावरचं नाव बदलण्याची गरज नाही, हे पंतप्रधानांनीही एप्रिल २०१७ मध्ये जाहीर केलं होतं. नवऱ्याचं नाव लिहायला अर्जात वेगळा रकाना आहे, तो भरला की पुरे. बदलायचंच असेल तर व्हिसाचा पहिला अर्ज करण्याआधी बदला, म्हणजे पुढचं प्रत्येक कार्ड त्याच नावाने निघेल. मधेच, कार्ड हाती आल्यावर, आईच्या किंवा सासूच्या हट्टाखातर बदलू नका.

ज्यांचं बदलून झालं आहे त्यांनी कोपरा कापलेला जुना पासपोर्ट अडगळीत टाकू नये, नव्याबरोबर हातातल्या पिशवीत ठेवावा. नव्यात जुन्याचा नंबर लिहिलेला असतो आणि दोन्ही मिळून बरंच काम भागतं. लग्नाच्या प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत आजच करून घ्यावी, मोबाइलमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नये. तिकीट पासपोर्टावरच्या नावानेच काढावं. आणि तिकडे पोचल्यावर कार्ड बदलण्याचा अर्ज लांबणीवर टाकू नये.

इथल्या नोंदणी अधिकाऱ्यांना आपल्या पत्राद्वारे एक विनंती आहे. आपल्याला कागद मराठीतही मिळावेत ही मागणी जुनी आहे आणि माझी तिला सही आहे. ते होईल तेव्हा होवो. पण कन्नड प्रमाणपत्राबरोबर इंग्रजी प्रत आणि तिच्यावर वधूचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, तिच्या पासपोर्टातल्या स्पेलिंगप्रमाणे, एवढं न मागता मिळालं पाहिजे. कन्नड घरातल्या मुलींनाही त्याची तितकीच गरज आहे. हुबळीच्या किंवा खानापूरच्या मुलीची फ्रँकफर्टला होणारी अडचण भाषा बघून होत नाही.

माझ्या पुतणीचं लग्न मार्गशीर्षात आहे, मुलगा जर्मनीत असतो. मागच्या रविवारी विहीण-व्याही याद्या करायला आले होते. मानपान, आहेर, रुखवत सगळं बोलून झाल्यावर मी पासपोर्टाचा विषय काढला. तिकडच्या कार्डावरचं नाव पासपोर्टावरून घेतात, तेव्हा तिचा पासपोर्ट आहे तसाच राहू द्या, म्हटलं. विहीणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारलं, ‘आणि ताटातलं नाव?’ ते लिहा की, मी म्हणाले, तांदूळ मी आमच्या घरचे देते. त्या हसल्या आणि यादीच्या कागदावर खाली त्यांच्या हाताने लिहिलं : पासपोर्ट बदलायचा नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वडगाव, बेळगाव