ऑगस्टमध्ये येऊ नकोस

व्हिक्टोरिया, गोझो (माल्टा)
मार्च

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही सगळे यायचं ठरवताय हे वाचून इतका आनंद झाला की कामावरून आल्या आल्या उत्तर लिहायला बसलोय. पण ऑगस्टची तिकिटं काढण्याआधी माझं ऐक. उन्हाळ्यात येऊ नकोस.

जाहिरातीतलं निळं पाणी खरंच तेवढं निळं आहे. पण ऑगस्टमध्ये इथली जमीन वाळून करडी होते, घराच्या दगडी भिंती रात्री उशिरापर्यंत धग सोडत नाहीत आणि इमजार बंदरात फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग रस्ताभर लागते. पोहून, फोटो काढून लोक परत जातात. आमच्या या गोझो बेटाचं वर्ष सुरू होतं ते त्यानंतर, पहिल्या पावसाबरोबर.

पाऊस म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर येतो तसा नाही. वर्षभरात साधारण ५५० मिलिमीटर, तोही बहुतेक ऑक्टोबर ते मार्चमध्ये. बारमाही नदी एकही नाही. प्यायचं बरंचसं पाणी आज समुद्राचं खारेपण काढून येतं, पण जुन्या घरांच्या पोटात अजून विहिरी आहेत. विहीर म्हणजे खाली झरा नव्हे. खडकात कोरलेलं टाकं, ज्यात गच्चीवरचं पाणी उतरतं. माल्टाची राजधानी व्हॅलेटा वसवताना तेव्हाच्या राज्यकर्त्या सेंट जॉनच्या नाइट्सनी प्रत्येक घराला असं टाकं हवं, हा नियमच केला होता. माझी घरमालकीण आजी पहिल्या पावसाआधी गच्ची झाडून, घासून घेते. मग सरी कोसळायला लागल्या की आम्ही दोघं अंगणात उभं राहून टाक्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकतो. मला इथलं हे सगळ्यात जास्त आवडतं. पाण्याबद्दलचा हा आदर मी लहानपणी आजोळी पाहिला होता, नंतर कुठे दिसला नाही.

पावसानंतर थोड्याच दिवसांत बांधावर हिरवं फुटायला लागतं आणि जानेवारीत सगळं रान पिवळं होतं. ती पिवळी फुलं म्हणजे आपल्या आंबुशीची दक्षिण आफ्रिकेतली बहीण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माल्टात लावली गेली आणि इथून भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरली. शेतकऱ्यांना ती नकोशी असते, पण पोरं देठ तोडून चघळतात. चव तीच, आपण शाळेच्या मागे खायचो तीच आंबट! हे लिहितोय तेव्हाही खिडकीबाहेर तीच फुललीय.

आता ऑक्टोबरचं सांगतो. बेट अवघं ६७ चौरस किलोमीटरचं, वस्ती सुमारे ३९ हजार. अशा बेटाच्या मुख्य गावात, एकाच रस्त्यावर, चालत दोन-चार मिनिटांच्या अंतरावर दोन ऑपेरा थिएटर आहेत: अस्त्रा आणि अव्रोरा. एक ला स्टेला बँडवाल्यांचं, दुसरं लिओने बँडवाल्यांचं. एक बाजू सेंट जॉर्जच्या चर्चची, दुसरी किल्ल्यातल्या कॅथेड्रलची, आणि दोघांत चुरस अशी की आपल्याकडच्या दोन गणपती मंडळांची आठवण यावी. दर ऑक्टोबरात दोघंही आपापला ऑपेरा उभा करतात. मुख्य गायक बाहेरून येतात, पण पडदे रंगवणारे, कपडे शिवणारे, कोरसमध्ये उभे राहणारे बहुतेक गावातलेच. सकाळी ज्याच्याकडून भाजी घेतली तो रात्री रंगमंचावर सैनिकाच्या वेषात दिसतो आणि जीव तोडून गातो. मला संगीतातलं फार कळत नाही, हे तुला माहीत आहे. तरी त्या रात्री अंगावर काटा येतो. पैशासाठी कुणी करत नाही ना, म्हणून असेल.

किल्ला म्हणजे चित्तादेल्ला. तिथे मात्र मी तुला संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर नेणार. १५५१ मध्ये तुर्की आरमाराने हा किल्ला घेतला आणि जवळजवळ अख्खं बेट, पाचेक हजार माणसं, गुलाम म्हणून नेलं. पुढे १६३७ पर्यंत गोझोकरांनी रात्री किल्ल्यातच झोपायचं असा कायदा होता. दिवसभर शेतात राबायचं आणि अंधार पडला की चढण चढून तटाच्या आत यायचं. तटावर उभं राहिलं की चहूबाजूंनी समुद्र दिसतो, आणि त्या माणसांना तो कसा दिसत असेल हे मनातून जात नाही. तिथल्या कॅथेड्रलला घुमट नाही. आत शिरून वर पाहिलंस तर खोल घुमट दिसेल, पण तो सपाट छतावर रंगवलेला आहे, अंतोनियो मानुएलेने १७३९ मध्ये. वहिनींना हे आधी सांगू नकोस.

जिगान्तियाची देवळं बघशीलच, गिझाच्या पिरॅमिडांहून हजारेक वर्षं जुनी आहेत ती. श्वेयनीची मिठागरंही बघ. आपल्याकडे मिठागर मातीचं असतं, इथे किनाऱ्याच्या खडकात चौकोन कोरलेत. मीठ उन्हाळ्यात काढतात, पण हिवाळी वाऱ्यात लाटा त्या चौकोनांवरून फुटतात तेव्हा मी तिथे तासभर सहज बसतो.

शिवाय ऑक्टोबर म्हणजे लाम्पुकी माशाचा हंगाम. तोच माही-माही. कोळी समुद्रात माडाच्या जातीच्या झाडांच्या झावळ्या बांधून तरंगते तराफे सोडतात, मासे सावलीला गोळा होतात आणि भोवती जाळं पडतं. आजी त्यात पालक-ऑलिव्ह घालून भाजलेला ‘पाय’ (pie) करते. मी तव्यावर रवा लावून तळतो. दोन्ही मिळेल.

तेव्हा ऑक्टोबर ठरव. मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीशी जुळत नसेल तर फेब्रुवारी चालेल, पण ऑपेरा हुकेल. माल्टाच्या विमानतळावरून बसने चिरकेव्वाच्या धक्क्यावर ये, तिथून फेरीबोट पंचवीस मिनिटांत इकडे आणते. चढताना कुणी तिकीट मागणार नाही. पैसे परत जाताना द्यायचे. तारखा कळल्या की लगेच लिही. अस्त्राची तिकिटं काढू की अव्रोराची, ते विचारत नाही. दोन्हींची काढतो, नाहीतर अर्ध्या गावाला तोंड दाखवता येणार नाही.

काका-काकूंना नमस्कार, पोरांना खूप खूप प्रेम.

तुझाच,
मित्र