चालढकलीवर उपदेशाचा उतारा नको

महोदय,

परीक्षा जवळ आल्या की ठाण्यातल्या अभ्यासिका भरतात आणि घराघरांत मुलांवर ‘आळशी’ असा शिक्का मारण्याचा हंगाम सुरू होतो. पण आळशी माणसाला काम राहिल्याचं काहीच वाटत नाही. चालढकल करणारा मनात कुढत असतो, तरीही मोबाइल सोडत नाही. कॅल्गरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरील संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. काम नावडतं असणं, त्याचं फळ लांब असणं, ते जमेल असा भरवसा नसणं आणि उतावळा स्वभाव यांचा चालढकलीशी घट्ट संबंध त्यात दिसला. ‘मला सगळं परफेक्ट लागतं, म्हणून उशीर होतो’ या लाडक्या सबबीला मात्र फारसा आधार मिळाला नाही. (ही सबब बहुधा मोठ्यांचीच!)

मग ‘उद्यापासून नीट अभ्यास कर’ असं बजावून काय होणार? जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचा उपाय साधा आहे : कधी, कुठे आणि काय करायचं, हे आधीच ठरवा. ‘सातचा चहा झाला की अभ्यासिकेत बसून भूमितीचं पहिलं प्रमेय लिहीन’, इतकं नेमकं.

अभ्यासिका चालवणाऱ्यांना एक विनंती. दाराशी मोबाइलसाठी कुलूपबंद कप्पे ठेवावेत. मोह हाताशीच नसेल, तर उतावळ्या मनाशी झगडा कमी होतो. खर्च म्हणाल तर एका छोट्या कपाटाचा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे