आमच्या अंगणवाडीच्या ताईंना

ताई,

तुमचा दिवस वजनं घेण्यात आणि मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी भरण्यात जातो, हे वाचायला सवड कुठली! तरी लिहिते.

धाकट्याला इसब होता तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण त्याची कातडी बघायचा. कोपरा-गुडघ्यांच्या वळ्या, गालांवरचे चट्टे, खपल्या. आणि जाताना एकेक पथ्य सांगून जायचा. दूध बंद, अंडं बंद, शेंगदाणे बंद, शेवटी तूरडाळही. पोर मऊ भातावर आणि मुगाच्या पाण्यावर आलं. खाज तेवढीच.

तुम्ही त्याला काट्यावर ठेवलंत. दीड वर्षाचा होता तेव्हा ९.६ किलो, दोन वर्षांचा झाला तरी ९.६. तक्त्यावर बोट ठेवून म्हणालात, "रेषा आडवी पडलीय. पिवळ्यात, कमी वजनाच्या पट्ट्यात गेलाय." मी पथ्यांची यादी सांगायला लागले, तर विचारलंत, "रात्री झोपतो का?" हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. नव्हता झोपत. खाजवून खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके पडायचे. (मीही जागीच असायचे, पण ते असो.)

तालुक्याला सोबत आलात, रजा टाकून. डॉक्टरांनी सगळं विचारून, तपासून सांगितलं, की दूध-अंड्याची अॅलर्जी दिसत नाही, खायला घाला. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जास्त स्रवतं, म्हणून आधी खाज थांबायला हवी. स्टेरॉइडचं मलम तर मी कपाटात दडवलं होतं, वाढ खुंटते असं ऐकून. तिथे कळलं, की धोका असतो तो जहाल मलम मनानेच महिनोन्महिने फासण्यात, नाहीतर स्टेरॉइड वरचेवर पोटात देण्यात. त्याला दिलेलं सौम्य होतं. आपल्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ, ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन, रोज, चट्टे नसले तरी.

घरी सासूबाईंना अंड्याचं पटवणं माझ्याच्याने झालं नसतं. तेही तुम्हीच केलंत, चहा पिता पिता. मला मात्र एका शब्दाने बोलला नाहीत. त्या दिवशी कुणी "आई असून कळलं नाही?" म्हणालं असतं, तर मी पुन्हा अंगणवाडीची पायरी चढले नसते.

तिसऱ्या वाढदिवसाला तो १२.४ भरला. बरोबरीच्या पोरांपेक्षा अजून बारीकच आहे. परवाच्या थंडीत कोपरं पुन्हा फुटली. मलम लावलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन तुमच्या काट्यापाशी आले. तुम्ही हसलात. का, ते मला कळलं.

तुमची,
धाकट्याची आई