आई-बाबा, यंदा भाकऱ्या आचारी करणार

बडोदा,
अधिक ज्येष्ठ

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण आई मध्येच ‘बरं बरं, तू जेवलीस का?’ म्हणते आणि विषय तिथेच बुडतो. म्हणून पत्र. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

पालखीच्या स्वयंपाकाला मी आचारी ठरवला आहे. इसारही देऊन झाला. रागावलात तरी आता तो परत मिळायचा नाही.

गेल्या वर्षी बारस सोडायच्या दिवशी आई मोरीपाशी चक्कर येऊन बसली होती, हे मला दिवाळीत कळलं, आणि तेही शेजारच्या काकूंकडून. तुमच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. आईचा उजवा गुडघा आता जिन्याच्या दुसऱ्या पायरीलाच कुरकुरतो. बाबा, अँजिओप्लास्टी झालेला माणूस पहाटे तीनला उठून चुलवणाखाली लाकडं सारत बसत नाही. एकादशीची भगर-आमटी एकशेवीस माणसांची, आणि द्वादशीला पिठल्याबरोबर तीनशेच्या वर भाकऱ्या. हे दोघांच्या जिवावर चालायचं नाही.

आजी गेल्यानंतरची ही पहिलीच वारी, आणि तीही पराया हाताने, असं तुमच्या मनात येणारच. माझ्याही आलं. मग मला १९९८ आठवलं. आजीचं मनगट मोडलं होतं आणि पालखी दहा दिवसांवर होती. १९५३ साली ती लग्न होऊन आली तेव्हापासून चूल तिचीच. मला वाटलं होतं, ही प्लॅस्टर घेऊनच थापायला बसणार. तिने काय केलं? काठवट आईपुढे सरकवली, ‘आता तुझं’ म्हणाली आणि ओट्यावर जाऊन बसली. पुन्हा कधी चुलीकडे वळून मीठसुद्धा विचारलं नाही. आई, तू त्या दिवशी स्वयंपाकघरात रडली होतीस. मी दाराआड होते, तुला ठाऊक नाही.

आणि तिथून पुढे ती पायांकडे वळली. पुण्याहून दिवे घाट चढून तीस-बत्तीस किलोमीटर चालून आलेली माणसं. अंगणात घंगाळात कोमट पाणी, पाटावर एकेक पाय. चष्मा नाकावर ओढून ती सुईत पांढरा दोरा ओवायची, हळदीत बुडवायची आणि फोडातून अलगद पार करून दोरा तसाच आत ठेवायची, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि कातडं फाटत नाही. माझ्या हातात दिवा असायचा. ‘नीट धर गं, माउलीला टोचेल.’ तिच्यालेखी दिंडीत वीणा घेऊन चालणारे साठीचे विणेकरी माउली, त्यांच्यासोबतचा दहा वर्षांचा पोरगाही माउली. मला मात्र घोडे म्हणायची!

बाबा, बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट तुम्हीच कितीदा सांगितलीत. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरते, तोंडात चोथा होते. आजोबा म्हणाले, यंदा दिंडीला निरोप पाठवू, नाही म्हणून. आजीने तीच मिलो दळली आणि पंगतीत उभी राहून सांगितलं, ‘माउली, यंदा भाकरी लाल आहे, गोड मानून घ्या.’ २०२० ला माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या तेव्हा ती सकाळपासून टीव्हीपुढे हात जोडून होती. पण त्याआधी, पालखी सासवडात असायची त्या द्वादशीला तिने पिठलं करायला लावलंच, आणि घंटागाडीच्या पोरांना दारात बसवून वाढलं. म्हणजे पदार्थ बदलला, वाढणारे बदलले, जेवणारेही बदलले. दार तेवढं उघडं राहिलं. आता मी वकिली करते आहे हे मला कळतंय, पण खोटं एकही सांगत नाही.

विणेकरी बुवांशी मी परभणीला फोनवर बोलले. ते म्हणाले, ‘ताई, आम्ही आजींच्या दाराला येतो, ताटाला नाही.’ बाबा, तुमच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण बुवांना काय वाटेल याचाच तुम्हाला घोर.

आता व्यवस्था ऐका. मांडव परसात, नेहमीच्याच जागी. कांदा-लसूण नाही, हे आचाऱ्याला दोनदा बजावलं आहे. भाकऱ्या थापायला चार बायका गावातल्याच आहेत, आईच्या ओळखीच्या. आई, एक पातेलं पिठलं मात्र तू करायचंस, आत गॅसवर, पाटावर बसून नव्हे. तेच पहिल्या पंगतीला जाईल. तुझ्या फोडणीची सर कुणाला यायची नाही आणि बुवांना पहिल्या घासालाच कळतं. त्यानंतर ओट्यावर खुर्चीत बसायचं आणि तेलाची वाटी घ्यायची. आजीची जागा रिकामी ठेवायची नाही.

मी आणि हे दोघेही चार दिवस आधी येतोय. रजा मंजूर झाली आहे. यांच्यासाठी अधिक महिन्याचं वाण म्हणून तेहतीस अनारसे करण्याच्या खटपटीत पडू नकोस. घरात आजीचं वर्ष व्हायचं आहे, आणि जावयाची साखर दोनशेच्या घरात आहे. बत्तासे चालतील. तेही मोजकेच.

बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळी चहाच्या आधी. संपत आली की मला कळवा, ‘दोन दिवस नाही घेतली तरी चालतं’ हे डॉक्टर कधीच म्हणाले नाहीत, ते तुमचं संशोधन आहे. आईला आषाढी झाली की गुडघ्यासाठी पुण्याला न्यायचं. त्यावर नंतर भांडू, आज एवढंच पुरे.

रात्री हरिपाठ म्हणता ना अजून? आई चाल चुकवते आणि आजी मध्येच खाकरायची, ते मला इथे भांडी घासताना आठवतं. मग नळ बंद करून थोडा वेळ तशीच उभी राहते.

एक राहिलं. आजीचं घंगाळ माळ्यावर आहे, जुन्या गोधड्यांच्या मागे. बाबा, स्टुलावर चढून काढायचं नाही. मी आल्यावर काढते, चिंच लावून घासतेही मीच. तुम्ही खाली उभे राहून फक्त स्टूल धरा.

तुमची,
घोडी