माया पाव इंच

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही विरारला गेल्याला तीन आठवडे झाले. जिन्याखालच्या तुमच्या जागेत आता कुणाची तरी स्कूटर उभी असते. फॉल-पिकोची पाटी कुणी काढलेली नाही. बायका साड्या घेऊन येतात, पाटी बघतात, स्कूटर बघतात आणि परत जातात. तुम्ही निघालात त्या दिवशी आभार मानायला खाली आलो होतो. तुम्ही म्हणालात, "भाषण नको, आधी ते कपाट उतरवा." कपाट उतरवलं. भाषण राहिलं ते आता लिहून काढतोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. डिलाईल रोडच्या आपल्या गल्लीत तुमच्याकडून फुकट शिकून गेलेला मी एकटाच नाही. तुमची मुलगी वाचून दाखवेल.

सुरुवात कशी झाली ते तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं फिटरचं काम करून मी निवृत्त झालो. त्याच सुमाराला आमची मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली. हिने बाळंतविड्याची यादी काढली: कुंची, टोपडं, झबली, दुपटी. माझ्या तोंडून निघून गेलं, "गोधडी मी शिवतो." दोघी अशा हसल्या की मला ते करून दाखवणं भाग पडलं. दारावर आलेल्या बोहारणीच्या गाठोड्यातून हिच्या चार जुन्या साड्या मी परत ओढून घेतल्या. कढईचा सौदा मोडला म्हणून ही दोन दिवस बोलली नाही.

एक गोष्ट तुम्हालाही कधी सांगितली नव्हती. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले, त्यात माझे वडीलही होते. तेव्हा आई चाळीतल्या बायकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून द्यायची. मी अठरा वर्षांचा होतो. सुईत दोरा ओवून द्यायचो, पण मित्र आले की वाकळ पलंगाखाली सारायचो. लाज वाटायची. आईनेही कधी "ये, शिकवते" म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही. आता माझ्याच डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नाही. ही सकाळी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते, त्या मला दिवसभर पुरतात.

साड्या घेऊन खाली आलो तेव्हा तुम्ही आधी काडेपेटी मागितलीत. प्रत्येक साडीच्या पदराचा एकेक धागा काढून पेटवलात. तीन धागे कागदासारखे जळले, बोटात चुरल्यावर राखच उरली. चौथा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. "ही बोहारणीला द्या," म्हणालात. "तान्ह्या बाळाला सुतीच हवं. घाम टिपायला नको?" मी म्हटलं, आत कापूस भरू या, जाडजूड होईल. तुम्ही पंख्याकडे बोट दाखवलंत. मुंबईच्या मे महिन्यात बाळाला रजई! पोटात जुन्या साडीचे दोन थर, खाली अस्तर आणि वर तुकड्यांचा थर, एवढंच ठरलं.

अस्तराला मंगळदास मार्केटातून दोन मीटर मांजरपाट आणला आणि लगेच कापायला बसलो. तुम्ही कातरी काढून घेतलीत आणि तो रात्रभर पाण्यात बुडवायला लावलात. वाळल्यावर मोजला तर लांबीत तीन इंच आटला होता. तसाच शिवला असता तर पहिल्या धुण्यात सगळी गोधडी चुरमडली असती. वरच्या थरात खणाचा नवा कोरा तुकडा घालायची हौस होती. तीही तुम्ही घालवलीत. नवं कापड दणकट असतं, ते शेजारच्या विरलेल्या कापडाला ओढून फाडतं.

मग ते प्रकरण. चार इंचाचे एकशे चव्वेचाळीस तुकडे, बारा आडवे, बारा उभे. पत्र्याचा साचा मी स्वतः कापला, काटकोनाला लावून तपासला. तुम्ही विचारलंत, "माया किती सोडताय?" मी तोंडाकडे बघत राहिलो. आमच्या वर्कशॉपात माया हा शब्द नव्हता! शिवणीसाठी कडेला सोडायचं कापड म्हणजे माया, पाव इंच, असं तुम्ही सांगितलंत. हिशेब सोपा होता. पाव-पाव इंच दोन्हीकडून गेलं की तुकडा साडेतीन इंचाचा, बारा तुकड्यांचे बेचाळीस, कडेची माया धरून साडेबेचाळीस.

आठ दिवसांनी सगळा थर जोडून टेप लावली. एकीकडून एक्केचाळीस इंच एक सूत, दुसरीकडून बेचाळीस. चौकोनसुद्धा नाही. माझी छत्तीस वर्षांची अब्रू तुमच्या काउंटरवर पसरलेली होती. तुम्ही ती उलटी केलीत, एका शिवणीवर नख फिरवलंत आणि म्हणालात, "उसवा."

"कुठून?"

"पहिल्यापासून."

रागाने वर निघून गेलो होतो, आठवतं? जिन्यात हिशेब केला. आमच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्रत्येक तुकड्याने माया अर्धं सूत जास्त खाल्ली होती, म्हणजे शिवणीमागे एक सूत. शिवणी अकरा, म्हणजे अकरा सूत. सव्वा इंचाच्या वर गेलं ते असं, थेंबाथेंबाने. संध्याकाळी परत आलो तेव्हा तुम्ही काही न बोलता जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा मशीनवर सुईच्या शेजारी चिकटवलात, कापडाची कड टेकवायला. शिवाय म्हणालात, "पाव इंचाला केसभर कमीच धरा. घडी पडते तिथे कापड आत जातं." इतकी वर्षं मायक्रोमीटर हाताळणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण लोखंडाला घडी पडत नाही. दुसरी बाजू बेचाळीस का भरली तेही तेव्हाच कळलं. काही तुकडे उरेब कापले होते, आणि तिरपं कापड ओढलं की ताणतं.

मला आभार मानायचेत ते या उसवण्याबद्दल. दाभणाने टाके उचकटून मी दोन तुकडे फाडल्यावर तुम्ही अर्धं ब्लेड हातात दिलंत. एका बाजूने दर चौथा टाका कापायचा, मग उलट्या बाजूचा दोरा ओढायचा. तो लांबच्या लांब सळसळत निघून येतो आणि कापडाला धक्काही लागत नाही. पाच दुपारी मी तुमच्या दुकानात बसून नुसता उसवत होतो. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, "हे काय करतात?" तुम्ही सरळ सांगायचात, "शिकतात." त्या बायकांसमोर तुम्ही एकदाही हसला नाहीत. पाठीमागे हसला असाल, तो तुमचा हक्क.

दुसऱ्या वेळी ओळी जोडताना एका ओळीच्या शिवणी डावीकडे आणि पुढच्या ओळीच्या उजवीकडे दाबून इस्त्री करायला लावलीत. दोन्ही जाडी एकमेकींना अडून बसल्या आणि चारही कोपरे एका बिंदूत आले. हे मला लगेच समजलं, खाच आणि जीभ हेच तर आमचं काम. त्या दिवशी मी घरी आमरस आणला होता.

धावदोऱ्याचं फार लिहीत नाही. आधी जमिनीवर पसरून मधून कडेकडे कच्चे टाके, मग बैठक मारून रोज दोन तास. माझे टाके सुरुवातीला उंदराने कुरतडल्यासारखे होते, शेवटी बरे झाले. त्या सुरुवातीच्या ओळी तेवढ्या तुम्ही उसवू दिल्या नाहीत. का, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि ती फुलं. गोधडी एक रात्र तुमच्याकडे ठेवली होती. सकाळी परत दिलीत तर चारही कोपऱ्यांवर घड्यांची तिकोनी फुलं टाचलेली. तुमच्या माहेरी, कर्नाटकातल्या हल्याळकडे, सिद्दी म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात तेव्हा कोपऱ्याला अशी फुलं लावतात, म्हणालात. कापड निळ्या साडीचं होतं आणि ती साडी आमच्या घरची नव्हती. कुणाची, ते विचारायची हिंमत झाली नाही.

नात आता सव्वा वर्षाची आहे. गोधडीचं एक फूल ती सतत चोखते, त्यामुळे त्याचा रंग उडालाय. गोधडीनंतर मी बटवे केले, भाजीच्या पिशव्या केल्या, गरम भांडं उतरवायच्या कापडी पकडी तर इतक्या केल्या की नातेवाईक आता वाढदिवस लपवतात. शिकवल्याचे पैसे काढले की तुम्ही म्हणायचात, "सुयांचे द्या." एकूण चाळीस रुपये घेतलेत. आमच्या मजल्यावर आजही चार जणींच्या मशीनवर लग्नपत्रिकेचे तुकडे चिकटवलेले आहेत.

पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीने विरारला येतोय. ही डब्यात पुरणपोळ्या देणार आहे. मोठ्या गोधडीचा वरचा थर जोडून झालाय, पण तीन ठिकाणी कोपरे जुळत नाहीत. तुम्ही काय म्हणणार ते ठाऊक आहे. ब्लेड घेऊनच येतो.

तुमचा शिकाऊ,
तिसऱ्या मजल्यावरचा फिटर